गोल्डबेरी आणि 'नीट वाचलेलं दिसत नाही'

टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीतल्या गोल्डबेरीवरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. आपलं म्हणणं असं, की ती जलदेवता वगैरे काही नाही, टॉम बॉम्बाडिलच्या घरात पाहुण्यांना जेवू घालणारी त्याची बायको आहे. 'ऑक्सफर्ड मॅगझिन'मधल्या टॉल्किनच्या मूळ कवितेत टॉम तिला चक्क धरून आणतो, हे मी म्हणे लपवलं. आणि 'लेखकाने पुस्तक नीट वाचलेलं दिसत नाही.'

आधी माझी चूक. कवितेचं साल मी 1937 लिहिलं होतं, ते 1934. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते 'नीट वाचलेलं'. मतभेद असावेत हो, पण ही काय भाषा झाली? मी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचलं ते होस्टेलवर, मुखपृष्ठ फाटलेल्या उसन्या प्रतीतून. सिनेमा आधी पाहिला होता आणि त्यात ही बाई नाहीच. त्यामुळे सातव्या प्रकरणात हॉबिट, म्हणजे कथेतले बुटके प्रवासी, टॉमच्या घरात शिरतात, समोर खुर्चीत ती, भोवती हिरव्या-तपकिरी मातीच्या पसरट भांड्यांत पांढरी कुमुदं, जणू तळ्याच्या मधोमध बसलीय, हे वाचून मी मेसची वेळ चुकवली. त्यानंतर पुस्तक चार वेळा झालं. शेवटचं मुलीला वाचून दाखवलं. तिने मधेच थांबवून विचारलं, "बाबा, ती पाण्याबाहेर राहते कशी?" नऊ वर्षांच्या पोरीला दिसलं ते काहींना दिसत नाही, याला माझा इलाज नाही.

ती कुमुदं शोभेची नाहीत. थंडीच्या आधीची ती शेवटची फुलं टॉम मुद्दाम आणतो, बर्फ वितळेपर्यंत तिच्या पायाशी फुललेली राहावीत म्हणून. दुसऱ्या दिवशी पावसाची झड लागते तर तो म्हणतो, आज गोल्डबेरीचा धुण्याचा दिवस. नदीकाठच्या खऱ्या ऋतुबदलाचं ती रूप आहे, हे टॉल्किनने स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. आता त्यालाही नीट वाचायला सांगणार का?

धरून आणण्याबद्दल: लेख त्यावर नव्हताच. आणि त्याच कवितेत आधी तीच टॉमला दाढी धरून पाण्यात ओढते, ते तुम्हीही सोयीने गाळलंत.

त्या हॉबिटांपैकी फ्रोडो तिला विचारतो, टॉम कोण? ती स्वतः कोण, हे त्या घरात कुणी विचारत नाही. माझा अख्खा लेख एवढ्याच गोष्टीवर होता. तुम्ही तो नीट वाचलेला दिसत नाही.