थेरपी पोराची, शिकवणी आईबापाची

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय, चुलतबहीण तिच्या पाच वर्षांच्या मुलाला बिहेविअर थेरपीला न्यायला लागली म्हणून. काकांचं म्हणणं, आम्ही चार पोरं वाढवली, कुठला थेरपिस्ट आला होता? दुसरी पार्टी म्हणते, घेऊ दे की ट्रीटमेंट, डॉक्टर बघतील काय ते. मला दोघांचाही सारखाच वैताग येतो. दोघांनाही वाटतंय की पोराला आत पाठवायचं, आईबापाने बाहेर बाकावर मोबाइल बघत बसायचं आणि तासाभराने पोरगं दुरुस्त होऊन बाहेर येणार.

अहो काका, आत आईबापालाच बसवतात! इकडे अमेरिकेत आम्ही केली तिला पीसीआयटी म्हणतात, म्हणजे पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी, शीला आयबर्ग नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात बसवलेली, साधारण २ ते ७ वर्षांच्या हट्टी, आदळआपट करणाऱ्या मुलांसाठी. खोलीत मी, मुलगा आणि ठोकळे, काचेपलीकडे थेरपिस्ट आणि माझ्या कानात इअरपीस. तो खेळेल तसं खेळायचं, प्रश्न नाही, हुकूम नाही, टीका नाही. तो काय करतोय ते बोलून दाखवायचं, तो म्हणेल ते परत म्हणायचं आणि कौतुक करायचं ते नेमकं, नुसतं शाब्बास चालत नाही, 'ठोकळा किती हळू ठेवलास' असं. पाच मिनिटांत तिन्ही प्रकारची दहा-दहा वाक्यं यायला हवीत आणि प्रश्न-हुकूम-टीका सगळं मिळून तीनच्या वर जायला नको, तेव्हा पुढचा टप्पा, हुकूम कसा द्यायचा त्याचा. करून बघा एकदा. तोंडातून 'असं नाही रे लावत' हेच येतं.

आणि आत्या ग्रुपवर लिहितात की एकदा सुरू केलं की जन्मभर थेरपिस्टच्या दारात उभं राहावं लागतं, तर तसं काही नाही, साधारण १२ ते २० सेशन, रोज घरी पाच मिनिटांचा होमवर्क, संपलं. ओरेगनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी यामागचं गणित कधीच मांडून ठेवलंय: पोर किंचाळतं, मोठा माणूस माघार घेतो, दोघांनाही तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी पोर आणखी जोरात किंचाळतं. त्यात पोराचा जेवढा वाटा तेवढाच आपला. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत तर लेखी आहे की चार ते सहा वर्षांच्या एडीएचडीवाल्या (लक्ष न टिकणाऱ्या, अतिचंचल) मुलांना औषधाच्या आधी आईबापाचं ट्रेनिंग. इकडे डेकेअरच्या इन्सिडेंट रिपोर्टवर सह्या करून करून आम्ही थकलो होतो, पण थेरपीचं नाव काढल्यावर कोणी नाक मुरडलं नाही. इन्शुरन्सने मुरडलं, ते सोडा.

हे सगळं ग्रुपवर मी ऐटीत टाइप करत होतो आणि मध्येच थांबलो. काचेपलीकडच्या बाईंना मराठी कुठून येणार, त्यामुळे ती दहा-दहा वाक्यं मी इंग्रजीत घोटली आणि ती तशीच जिभेवर बसली. आता घरीही कौतुक इंग्रजीत होतं आणि दटावणी मराठीत. मुलगा शांत झाला, खरंच झाला, पण मी मराठीत हाक मारली की आधी चेहरा बघतो, बाबा रागावलाय का म्हणून.

बहिणीची थेरपिस्ट मराठीत बोलते हे कळल्यावर चक्क हेवा वाटला मला. अर्थात तिची अडचण वेगळी आहे. आम्ही इथे दोघंच, त्यामुळे नियम एकदा ठरला की ठरला, तिच्याकडे आईने नाही म्हटलेलं आजोबा पाच मिनिटांत हो करतात, आणि तिथेच थेरपी झोपते. आजोबा म्हणजे हेच काका. त्यांनाही सेशनला घेऊन जा म्हणून तिला कळवलंय, पण ग्रुपवर लिहायची हिंमत झाली नाही, पर्सनलवर लिहिलं.