भिंतीतली मासळी

मार्गशीर्षातल्या एकादशीला पहाटे साडेपाचला आईनं मला हलवून उठवलं आणि म्हणाली, "ऊठ. वर पोरं मासळी शिजवायलेत."

आई माळकरी. आमच्या घरात कांदा-लसणाचंसुद्धा चातुर्मासात पानही हलत नाही. त्यात गाव लातूर. इथून समुद्र बघायचा तर एक अख्खी रात्र एसटीत काढावी लागते. तरी डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या तयारीला आलेली चार पोरं एकादशीच्या पहाटे माडीवर मासे तळत बसलीत, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. "आरं, वास यायलाय की! जिन्यापाशी उभा राहून बघ."

जिन्यापाशी उभा राहिलो. मला सर्दी होती. माझ्यासाठी त्या दिवसांत अत्तर आणि गटार एकच.

माडीवर गेलो. लातूर पॅटर्नच्या कृपेनं आमच्या गल्लीत रिकामी माडी म्हणून शिल्लक राहिलेली नाही; नांदेड, हिंगोली, बीड, जिथून तिथून पोरं येतात आणि शिकवणीच्या गर्दीत आईबापांची स्वप्नं घेऊन राहतात. आमची चौघं चादरी पांघरून रसायनशास्त्र वाचत होती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, पन्नाशीच्या माणसानं सकाळी सकाळी परक्याच्या पोरांची भांडी हुंगावीत, हा प्रसंग कुणावर येऊ नये. एका डब्यात शेंगाची चटणी होती. दुसऱ्यात कालची कडक भाकरी. कोपऱ्यात दोन बादल्या, त्यांत पाणी तापवायचे रॉड. "सर, काही हरवलं का?" एकानं विचारलं. "माझी इज्जत" असं म्हणावंसं वाटलं, पण "अभ्यास करा" म्हणून खाली आलो.

पुढचे आठ दिवस घरात धूप, उदबत्ती, गोमूत्र, कापूर. वास रोज पहाटे यायचा आणि दहाच्या सुमारास जायचा. बायको म्हणाली, "अहो, मलापण येतोय." आता दोन विरुद्ध एक झालं. शेजारचे बप्पा येऊन जिन्याखाली उभे राहिले, डोळे मिटून श्वास घेतला आणि निकाल दिला, "उंदीर मेलाय." मग कपाट सरकवलं, फ्रीज सरकवला, पलंग उभा केला. २०११ साली हरवलेली फटफटीची चावी सापडली. फटफटी आता नाही. उंदीर सापडला नाही. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं की मेलेला उंदीर रोज दहा वाजता सुट्टी घेत नसतो.

रविवारी पहाटे जिन्याखालच्या बोर्डावर सहज हात टेकला आणि झटकन काढून घेतला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीइतका बोर्ड गरम. मेन बंद केला आणि मामूंना फोन लावला.

मामू म्हणजे आमच्या गल्लीचे वायरमन. साठीचे, कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर, तोंडात सुपारी. सोबत नुकताच आयटीआय झालेला भाचा. मामूंनी बोर्डाचे चार स्क्रू काढले आणि झाकण हळूच पुढं ओढलं. आत काय दिसावं! कोपऱ्यात पालीची दोन फुटकी अंडी, मुंग्यांनी आणून टाकलेली पिठासारखी माती, कोळ्याचं जाळं, आणि मधोमध तीन पिनांच्या सॉकेटची मागची बाजू वितळून, मेणबत्ती ओघळावी तशी खाली ओघळलेली. तिच्याभोवती काळं कडं. तिथं येणारी वायर मामूंनी नुसती दोन बोटांनी वाकवली. वरचं लाल आवरण कडकन मोडलं आणि तुकडे फरशीवर पडले.

"सर," मामू म्हणाले, "ही वायर नव्हं, पापड हाय."

मग त्यांनी ते जळकं सॉकेट आईच्या नाकाशी धरलं. आई दोन पावलं मागं सरली. "हाच! हाच वास!"

"माय, ही मासळी नव्हं. बटनाचं, सॉकेटचं जुनं प्लास्टिक तापाय लागलं की असाच वास सुटतो. मासळीचा वास आला आन् घरात मासळी नसली, तर पहिल्यांदा बोर्ड बघायचा."

घोटाळा असा होता. माडीवरच्या दोन्ही सॉकेटांना वीज या एकाच बोर्डातून, एकाच बारीक वायरीवर गेलेली. आणि मला बादल्या दोन दिसल्या तरी रॉड तीन होते. एक रॉड दीड हजार वॅटचा, म्हणजे साडेसहा अँपिअर. तिन्ही मिळून जवळजवळ वीस. पहाटे साडेपाच ते दहा पाळीपाळीनं आणि घाईच्या दिवशी एकदमच. आता बघा, करंट तिप्पट झाला की उष्णता तिप्पट होत नाही, नऊपट होते. हा ज्यूलचा नियम. दहावीला हा धडा मी बावीस वर्षं शिकवतोय. फळ्यावर एच बरोबर आय स्क्वेअर आर टी लिहून, खाली दोन रेघा मारून, "परीक्षेला हमखास येतं" असं सांगतोय. माझ्याच जिन्याखाली ते रोज पहाटे येत होतं आणि मी उंदीर शोधत होतो.

मामूंनी विचारलं, "वायरिंग कवाचं हाय?"

इतका साधा प्रश्न, पण आमच्या घरात त्यावर दोन तास भांडण झालं. आई म्हणाली, तुझ्या आत्याच्या लग्नातलं. काका फोनवरून म्हणाले, आत्याच्या नाही, माझ्या लग्नातलं. आत्याच्या लग्नात गॅसबत्त्या होत्या. मामूंनी वाद ऐकून घेतला आणि भाच्याला सांगितलं, उघड सगळे बोर्ड. तेर गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, खणताना एकाखाली एक थर निघतात म्हणे, तसं आमचं घर निघालं. देवघराच्या खोलीत सागाच्या पट्टीवर खिळ्यांनी ठोकलेली रबरी वायर, आजोबांच्या काळची. जुने लोक ती तीन-बावीस, सात-वीस अशी पाढे म्हटल्यासारखी मागायचे, म्हणजे तारा किती आणि गेज कोणता. पुढच्या बैठकीत आणि जिन्यात ॲल्युमिनियमची, काकांच्या लग्नातली, १९८७. मधल्या खोलीत प्लास्टिकच्या पट्टीतली. ती १९९४ ची, कारण किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदाखाली झोपायची कुणाची छाती होईना आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माती-लाकूड उतरवून पत्रे टाकले. आणि स्वयंपाकघरात भिंतीच्या आतून नेलेली, स्लॅब टाकला तेव्हाची. चार पिढ्यांची वायर एकाच मीटरवर गुण्यागोविंदानं नांदत होती. घरात माणसांचं एवढं कधी जमलं नाही.

"तांब्याची तार म्हातारी होत नसती," मामू म्हणाले, "तिचं कातडं म्हातारं होतं." वरच्या प्लास्टिकला मऊपणा देणारं जे काही असतं ते उष्णतेनं हळूहळू निघून जातं आणि मग ते कडक होतं, तडकतं. साधारण पंचवीस-तीस वर्षं धरायची, तीही जेवढा भार नेमून दिलाय तेवढाच घातला तर. आणि साधं पीव्हीसी सत्तर अंशांपर्यंतच सोसतं. आता मे महिन्यात लातूरला बाहेर बेचाळीस. पत्र्याच्या खाली, बंद पट्टीत किती होत असेल ते पत्र्याखाली दुपारची झोप काढलेल्यानं सांगावं. म्हणजे वायरीला करंटनं तापायला जागाच थोडी उरते. मला तर वाटतं मराठवाड्यात वायरीचं वय माणसासारखं मोजू नये, उन्हाळ्यांनी मोजावं.

ॲल्युमिनियमचं दुखणं आणखी वेगळं. ते मऊ. स्क्रूखाली दाबलं की वर्षागणिक दबत जातं आणि पकड सैल होते. वर गंज धरतो तो वीज नीट जाऊ देत नाही, मग जोड तापतो, तापला की आणखी सैल. माणसांच्या नात्यातही असं होतं, पण तिथं निदान वास येत नाही.

"पण मग फ्यूज का नाही उडाला?" मी विचारलं. इतका वेळ विज्ञानाच्या शिक्षकाला शोभेल असा हाच एक प्रश्न मी विचारला होता.

मामूंनी मीटरशेजारचा पांढरा किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायचा चिनीमातीचा ठोकळा, ओढून काढला. आत फ्यूजची केसासारखी तार असायला हवी, तिथं पाच-सहा जाड तारांचा पीळ. त्यावर हातोडा ठेवला असता तरी चालला असता. आबांचं काम. ते असतानाच्या उन्हाळ्यात फ्यूज दिवसातून तीनदा उडायचा, टॉर्च शोधून शोधून वैतागून एक दिवस त्यांनी हा कायमचा बंदोबस्त केला होता. घरात सगळे त्यांचं कौतुक करायचे, "आबांनी तार घातल्यापासून फ्यूज उडाला नाही." तो उडणार नव्हताच. त्याच्याऐवजी जळायचं काम भिंतीतल्या वायरीला लावून दिलं होतं.

भाच्यानं एक लाकडी पेटीसारखं मेगर आणलं, बाजूला हँडल. ते फिरवलं की पाचशे व्होल्ट तयार होतात आणि आवरण किती धड आहे ते काटा सांगतो. निदान एक मेगओम यायला हवा. बैठकीच्या वायरीवर हँडल फिरवलं तर काटा शून्यापाशी जाऊन बसला, दमलेला पाहुणा ओसरीवर बसतो तसा. देवघराची रबरी तर त्यांनी मोजलीच नाही. हात जोडले.

बप्पा तेवढ्यात आलेच. "सर, एका बटनासाठी घर फोडता व्हय? तेवढं सॉकेट बदला. माझ्याकडं पंचाहत्तरपासून हाय, काही झालं नाही." गल्लीत प्रत्येकाकडं पंचाहत्तरपासून आहे आणि कुणाला काही झालेलं नाही. झालेला माणूस बोलायला येत नाही, एवढाच त्यात फरक. मी पहिल्यांदा बप्पांचं ऐकलं नाही.

मामू म्हणाले, तीन दिवस. लागले अकरा. पॉइंटप्रमाणे मजुरी, आणि पॉइंट मोजताना मामूंची नजर गरुडाची; देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा सुटला नाही. (हा झिरो बल्ब शून्य वीज खातो अशी आईची पक्की समजूत होती. तो पंधरा वॅटचा निघाला. ती त्या दिवशी जेवली नाही.) भिंतीत झिऱ्या मारायचं मशिन सुरू झालं की घरात धुळीचं असं वादळ उठायचं की बायको स्वयंपाकघरातून ओरडायची ते मला दिसायचं, ऐकू यायचं नाही. वरणात सिमेंट. चादरीत सिमेंट. ज्ञानेश्वरीच्या पोथीवर सिमेंट. दुसऱ्या दिवशी भाच्यानं पाइपातून वायर ओढायची पट्टी मागितली, "मामू, फिश वायर कुठाय?" आईनं जपमाळ खाली ठेवली. "काय म्हणलास?" तेव्हापासून मामूंनी त्या पट्टीला स्प्रिंग म्हणायचं फर्मान काढलं.

बैठकीच्या छतापाशी एक लाकडी डबी निघाली. तिच्यात इतक्या वायरी येऊन मिळाल्या होत्या की गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात तेवढ्याच, फक्त मध्ये देवीचं देऊळ नाही. सगळे जोड नुसते पिळून वर चिकटपट्टी. मामूंनी ते उलगडलं नाही, विळीनं कापावं तसं कापून टाकलं. नवीन मांडणी सोपी होती: दिव्या-पंख्यांना दीडची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची) वायर, सॉकेटला अडीचची, गीझरला चारची, प्रत्येकाला आपापला एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटन), माडीची लाइन वेगळी. "दीडच्या वायरीवर बत्तीस अँपिअरचा एमसीबी कुणी लावला तर मला हाक मारा," मामू म्हणाले, "मी त्याच्या कानाखाली लावतो." ते आबांकडं बघत होते. फोटोतल्या.

सगळ्यात मजा अर्थिंगची. मामूंनी विचारलं, खड्डा कुठाय? आईला आठवलं, तुळशीशेजारी. आबा मीठ-कोळसा घालून केलेल्या त्या नळीत उन्हाळ्यात तांब्याभर पाणी ओतायचे, कारण जमीन ओली असली तरच वीज तिच्यात नीट उतरते. मग २०१६ आलं. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, आठवड्यातून एकदा टँकर, आंघोळीचं पाणी संडासाला. त्या वर्षी अर्थिंगच्या नळीत पाणी ओतणाऱ्याला गल्लीनं वेड्यात काढलं असतं. एकदा सुटलेली सवय सुटली ती सुटलीच, पुढं त्यावर आम्ही फरशा बसवल्या. फरशी उचलली तर खाली काळी माती भेगाळलेली आणि नळी गंजून चाळण झालेली. नवा खड्डा झाला. आता आई रोज तुळशीला पाणी घालते आणि उरलेलं अर्थिंगला, वर हळदीकुंकूही वाहते.

पाडव्याला कूलर काढला. बटन दाबलं, टक्, सगळं घर बंद. पुन्हा वर केलं, पुन्हा टक्. आईनं मामूंना फोन करायला लावला. "तुमचं ते नवं यंत्र खराब हाय. हा कूलर पंधरा वर्षं चालतोय!"

मामूंनी विचारलं, "माय, कूलरला हात लावताना काय करता?"

"चपला घालते. मुंग्या येतात ना. सगळ्यांच्याच कूलरला येतात."

पलीकडं बराच वेळ शांतता. मग मामू म्हणाले, तीस मिलिअँपिअर वीज बाहेर गळली की ते आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारं बटन, पडतं, आणि तुमच्या कूलरच्या पंपातून ती पंधरा वर्षं गळत आलीय. त्या मुंग्या नव्हत्या. आई खुर्चीत बसली. पंप बदलला.

राहता राहिली पोरं. आठ दिवस त्यांच्यावर आळ घेतला, हे आईच्या मनाला लागलं होतं. एकादशी सोडून वार बघून तिनं धपाटे केले, ताट भरलं, वर दही, आणि गुडघे दुखत असताना स्वतः जिना चढली. "लेकरांनो, मी तुमच्यावर उगीच संशय घेतला. तुम्ही सोन्यासारखी पोरं."

तिघं ताटाकडं बघत होते. चौथा, हिंगोलीकडचा, जरा भाबडा, खाली बघून म्हणाला, "आजी, मासे नाही केले कधी. फक्त एकदा रॉडच्या बादलीत अंडी उकडली होती."

आई थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग ताट खाली ठेवलं, जिना उतरली आणि मला म्हणाली, "ती बादली आपलीय का त्यांची?"