'बॅक टू द फ्युचर' चुकांनी भरलेली आहे म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, 'बॅक टू द फ्युचर'मधल्या चुकांची यादी. (१९८५ ची ती हॉलिवूड फिल्म, ज्यात मार्टी हा सतरा वर्षांचा मुलगा त्याचा शास्त्रज्ञ मित्र डॉक याने गाडीत बनवलेल्या टाइम मशीनमधून १९५५ मध्ये पोचतो आणि आपल्याच आईवडिलांचं जुळणं बिघडवून बसतो.) शेवटी निष्कर्ष काढलाय की टाइम ट्रॅव्हलच्या फिल्ममध्ये कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधल्या गोष्टी पुढच्या शॉटशी जुळणं, हीच खरी परीक्षा, त्यातच हे लोक नापास झाले, म्हणजे बनवणारे निष्काळजी होते आणि आपण इतकी वर्षं उगाच कौतुक करतोय. चुका शोधायला माझा अजिबात विरोध नाही, मला स्वतःला त्यात मजा येते, पण ही यादी ज्याने केलीय त्याने फिल्म नीट बघितलेली नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

यादीतला पहिलाच मुद्दा बघा. सुरुवातीला मॉलच्या बोर्डवर 'ट्विन पाइन्स मॉल' आहे आणि शेवटी 'लोन पाइन मॉल', म्हणजे एवढा मोठा बोर्ड बदलला तरी सेटवर कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणे! अहो, तो बोर्ड मुद्दाम बदललाय. मॉल जिथे आहे तिथे १९५५ साली पीबॉडी नावाच्या शेतकऱ्याचं शेत असतं, हे डॉक आधीच बोलता बोलता सांगून टाकतो, त्या म्हाताऱ्याला पाइनची झाडं वाढवायचा नाद होता हेही सांगतो. मार्टी १९५५ मध्ये पोचतो तो थेट त्याच्या कोठारात घुसतो, त्याचा तो पिवळा सूट बघून घरच्यांना वाटतं परग्रहावरून कुणी आलं, पीबॉडी बंदूक घेऊन मागे लागतो आणि मार्टी गाडी पळवताना दोन रोपांपैकी एक पाइन चिरडतो. म्हातारा त्या झाडासाठी ओरडतो सुद्धा. मग १९८५ मध्ये परत आल्यावर मॉलचं नाव एकाच पाइनचं झालेलं असतं, आणि याबद्दल फिल्ममध्ये कुणीही एक अक्षर बोलत नाही, मार्टी पळत येतो तेव्हा बोर्ड फ्रेममध्ये दिसतो एवढंच. घड्याळाच्या टॉवरचंही तेच, १९५५ मध्ये वर चढलेल्या डॉकच्या पायाखाली कठड्याचा तुकडा पडतो आणि शेवटी १९८५ मध्ये तो कठडा तुटलेलाच दिसतो. प्रेक्षकावर एवढा विश्वास ठेवणाऱ्या लोकांना निष्काळजी म्हणणं मला खरंच पटत नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त शेअर होणारा. आईवडिलांना आपला मुलगा हुबेहूब त्या जुन्या 'कॅल्विन क्लाइन'सारखा (१९५५ मध्ये मार्टीला याच नावाने ओळखतात) दिसतो हे कळत कसं नाही? आता जरा हिशोब करा. मार्टी ५ नोव्हेंबर १९५५ ला तिथे पोचतो आणि १२ तारखेला रात्री वीज पडते तेव्हा निघतो. म्हणजे जेमतेम आठवडा, आणि त्यातही तो दोघांबरोबर दिवसभर नसतो. मधे तीस वर्षं गेलीत. शाळेत एक आठवडा येऊन गेलेल्या मुलाचा चेहरा तीस वर्षांनी कुणाला नीट आठवेल? बरं, पोटचा मुलगा एका दिवसात सतरा वर्षांचा होऊन समोर येत नाही, त्याला तान्हेपणापासून रोज बघितलेलं असतं, त्यामुळे तो त्यांना फक्त मार्टीसारखाच दिसणार. फार तर एखाद्या दिवशी त्याची आई लॉरेन म्हणाली असेल की अगं बाई, त्या मुलाची आठवण झाली, आणि विषय तिथेच संपला असेल. याला प्लॉट होल, म्हणजे कथेतली फट, म्हणायचं असेल तर आधी माणसाची स्मरणशक्ती कशी चालते ते विसरावं लागेल.

आता फोटोबद्दल, म्हणजे मार्टीजवळचा तीन भावंडांचा फोटो, ज्यातून ती एकेक करून पुसली जातात. पोस्ट म्हणते की भावंडं एकदम गायब व्हायला हवीत, हळूहळू कशी होतात. इथे थोडं मान्य, आधी डोकं मग धड असं पुसलं जाणं याला कुठलंही विज्ञान नाही आणि फिल्मही तसा दावा करत नाही. पण क्रम बघा ना, आधी सगळ्यात मोठा डेव्ह जातो, मग लिंडा, मग मार्टीचा नंबर. जन्माच्या क्रमाने. आईवडील एकत्र यायची शक्यता जसजशी कमी होते तसतसं पुसलं जातं, आणि स्टेजवर गिटार वाजवताना मार्टीचा स्वतःचा हात विरायला लागतो तोवर आपल्याला नियम कळलेला असतो, कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही. फिल्मने स्वतः केलेला नियम फिल्मने पाळला की नाही एवढंच मी बघतो, आणि तो पाळलाय.

'टाइम मशीन हातात असताना, डॉकला गोळी लागण्यापासून वाचवायला मार्टी १९८५ मध्ये फक्त दहा मिनिटं आधी का गेला' हा कंटिन्युइटीचा प्रश्नच नाही. सतरा वर्षांचा मुलगा, डोक्यावर वादळ, वीज पडायला मिनिटं उरलेली, त्या गडबडीत त्याला दहा मिनिटं पुरेशी वाटली. परत आल्यावर गाडी बंद पडेल हे त्याला काय माहीत. पात्राने घाईत घेतलेला निर्णय लेखकाच्या नावावर कशाला टाकायचा?

आता गिटार. हा मुद्दा खरा आहे आणि तो मी सरळ मान्य करतो. मार्टी १९५५ मध्ये वाजवतो ती लाल गिब्सन ईएस-३४५, ते मॉडेल १९५८ च्या आधी नव्हतंच. काही फॅन्स बचाव करतात की मार्टीने ती भविष्यातून आणली असेल, तर नाही, ती गिटार तिथल्या बँडच्या मार्व्हिन बेरीची आहे, त्याच्या हाताला लागलं म्हणून मार्टी वाजवायला उभा राहतो. तेव्हा ही चूकच. पण ही काळाची चूक आहे, कंटिन्युइटीची नाही, आणि त्याच प्रसंगात १९५८ चं 'जॉनी बी. गुड' हे गाणं १९५५ मध्ये वाजणं मात्र चूक नाही, तो तर सगळा गंमतीचा भाग आहे. पोस्टमध्ये दोन्ही एकाच ओळीत टाकलंय, यावरून यादी कशी केलीय ते कळतं.

मग उरतात त्या बारीकसारीक गोष्टी, या शॉटमध्ये कॉलर अशी पुढच्यात तशी, केस इकडचे तिकडे, हातातली वस्तू बदलली वगैरे. यादीत भरणा यांचाच आहे आणि यांच्या जोरावरच 'आळशी' हा शब्द वापरलाय. मुळात ही फिल्म बनली कशी ते बघा. शूटिंग नोव्हेंबर १९८४ मध्ये सुरू झालं एरिक स्टोल्ट्झला मार्टी म्हणून घेऊन, कित्येक आठवडे शूट झालं, आणि जानेवारी १९८५ मध्ये त्याला काढून मायकल जे. फॉक्सला आणलं आणि ते सीन पुन्हा उभे केले. फॉक्स दिवसा 'फॅमिली टाइज' ही टीव्ही मालिका करायचा आणि रात्री इथे यायचा. मार्टीची मैत्रीण जेनिफर हिच्या भूमिकेसाठी आधी घेतलेली नटी फॉक्सपेक्षा उंच दिसत होती म्हणून तीही बदलली. गावातल्या चौकाचा सेट आधी १९५५ चा चकचकीत करून शूट केला आणि मग तोच घाण, मोडका करून १९८५ चा केला, म्हणजे गोष्टीच्या उलट क्रमाने. आणि एवढं सगळं करून ३ जुलै १९८५ ला फिल्म रिलीज. यात आळशीपणा कुठे दिसतो?

आणि सेटवर कुणाच्या लक्षात येत नाही हा तर मोठा गैरसमज. स्क्रिप्ट सुपरवायझरचं कामच ते असतं, कुठल्या शब्दावर कप उचलला, कुठल्या हाताने, सगळं लिहून ठेवायचं, तेव्हा तर पोलरॉइड फोटो काढून ठेवायचे. पण एकच सीन वेगवेगळ्या अँगलने, अनेक टेकमध्ये होतो. समजा तिसऱ्या टेकमध्ये चेहरा अगदी हवा तसा आलाय पण हात वेगळ्या जागी आहे, आणि पाचव्यात हात बरोबर पण भाव पडलेला. एडिटर तिसराच घेणार, आणि डोळे उघडे ठेवून घेणार. वॉल्टर मर्चसारख्या दिग्गज एडिटरने कट कुठे करायचा याचे सहा निकष सांगितलेत, त्यात भावनेला ५१ टक्के, कथेला २३, लयीला १०, आणि कोण कुठे उभा आहे, काय कुठे ठेवलंय ही जागेची कंटिन्युइटी सगळ्यात शेवटी, ४ टक्के. सगळं साधलं तर उत्तमच, पण काही सोडायचं झालं तर खालून सोडत यायचं असं तो म्हणतो.

प्रेक्षकाचं म्हणाल तर लेव्हिन आणि सायमन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये यावर प्रयोग केला होता. दोघी गप्पा मारतायत असा छोटा व्हिडिओ, त्यात कटच्या वेळी मुद्दाम ९ बदल केलेले, कुठे स्कार्फ गायब, कुठे प्लेटचा रंग वेगळा. बघणाऱ्यांपैकी जवळपास कुणालाच काही जाणवलं नाही, कारण ते बोलणं ऐकत होते. तुम्हीही ही यादी फिल्म पॉज करून केलीय, थिएटरात बसून नाही.

शेवटचा मुद्दा 'सगळ्यात मोठा पुरावा' म्हणून दिलाय, की पहिल्या भागाच्या शेवटी जेनिफर एक आणि दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला, त्याच सीनमध्ये, दुसरीच. हो, कारण पहिल्या भागातली जेनिफर, क्लॉडिया वेल्स, हिची आई आजारी होती आणि ती परत येऊ शकली नाही. म्हणून १९८९ च्या भागासाठी एलिझाबेथ शूला घेतलं आणि तो अख्खा शेवट तिच्यासोबत पुन्हा शूट केला. आणि 'सीक्वेल ठरलेला होता तर नीट प्लॅन का नाही केला' हेही चूक, सीक्वेल ठरलेलाच नव्हता. 'टू बी कंटिन्यूड' ही पाटी थिएटरात नव्हतीच, ती नंतर व्हिडिओ कॅसेटवर टाकली. दुसरा भाग लिहायला बसल्यावर दिग्दर्शक झेमेकिस आणि त्याचा सहलेखक गेल यांना कळलं की आपण जेनिफरला गाडीत बसवून ठेवलंय आणि तिला करायला काहीच नाही, म्हणून तिला सुरुवातीलाच बेशुद्ध करून बाजूला ठेवलं. याला दुसऱ्या भागाच्या पटकथेतली पळवाट म्हणा, ते मी ऐकून घेईन आणि थोडं पटेलही, पण ती पहिल्या फिल्मच्या खात्यावर लिहू नका.