जॅक स्केलिंग्टनला चालायला कोणी शिकवलं?

डिसेंबर लागला की एक मजकूर हमखास माझ्या फोनवर येतो. यंदा तो तीन वेगवेगळ्या गटांतून आला. ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ या १९९३ च्या बाहुलीचित्रपटातले (बाहुल्या थोड्या-थोड्या हलवून, एकेक चित्र टिपून केलेला चित्रपट) आवडते प्रसंग त्यात दिलेले असतात: चंद्रासमोरची ती गोल वळलेली टेकडी, हॅलोविनच्या भुताटकी गावातून येऊन पहिल्यांदा बर्फात पडलेला नायक जॅक स्केलिंग्टन, सुईदोरा घेऊन स्वतःलाच शिवणारी सॅली. त्याखाली दावा असा असतो की हा चित्रपट टिम बर्टनने दिग्दर्शित केला, यातला प्रत्येक प्रसंग त्याच्या एकट्याच्या डोक्यातून आला, मातीच्या बाहुल्या आणि संगणकाची करामत यांच्या जोरावर त्याने तो उभा केला, आणि पुढे ‘कोरालाइन’मध्ये हीच जादू पुन्हा करून दाखवली.

प्रसंगांची निवड झकास आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याखालचा दावा मात्र जवळजवळ सगळा चुकलेला आहे. आणि ज्या प्रसंगांवर आपण इतकं प्रेम करतो, ते ज्यांनी दोन-तीन वर्षं अंधाऱ्या स्टुडिओत उभं राहून घडवले त्यांची नावंच त्यात नाहीत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहे.

पहिला मुद्दा दिग्दर्शनाचा. दिग्दर्शक आहे हेन्री सेलिक. श्रेयनामावलीत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. गोंधळ होतो तो नावामुळे. पडद्यावर आणि पोस्टरवर ‘टिम बर्टन्स’ हे शब्द शीर्षकाच्याच माथ्यावर बसवलेले आहेत, आणि सेलिकने नंतर मुलाखतीत सांगितलं आहे की हे चित्रपट लागायच्या जेमतेम तीन आठवडे आधी ठरलं. बर्टनचं नाव तेव्हा ‘बॅटमॅन’मुळे घराघरांत पोचलेलं होतं, सेलिकचा मात्र हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट होता. तिकीट विकणाऱ्याने कोणतं नाव मोठं केलं असेल, हे सांगायला नको.

जुलै १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काम सुरू झालं, तेव्हा बर्टन ‘बॅटमॅन रिटर्न्स’मध्ये अडकलेला होता. दोन वर्षांत तो चार-पाच वेळा येऊन गेला, सगळे मिळून आठ-दहा दिवस, असं सेलिकचं सांगणं आहे. बाहुलीचित्रपटात दिग्दर्शन म्हणजे रोज सकाळी प्रत्येक सेटवर जाऊन अ‍ॅनिमेटरशी, म्हणजे बाहुली हलवणाऱ्या माणसाशी, बोलणं. या वाक्याला जॅकचे खांदे कधी पडायचे, पापणी कुठे लवायची, कॅमेरा किती हळू सरकायचा, हे सगळं त्या बोलण्यात ठरतं. आठ-दहा दिवसांत ते होत नाही.

बर्टनचं श्रेय कमी करायचा माझा हेतू नाही. १९८२ मध्ये, डिस्नेत नोकरी करत असताना, त्याने या कथेची कविता लिहिली. जॅकची लांबलचक काठीसारखी आकृती, झिरो हा भुताचा कुत्रा, नाताळ पळवून न्यायची कल्पना, हे त्याचं आहे. तो निर्मात्यांपैकी एक होता. पटकथा हातात यायच्या आधीच संगीतकार डॅनी एल्फमनला कथा तुकड्या-तुकड्यांनी सांगून गाणी तयार करवून घेतली तीही त्यानेच. बी त्याचं, हे कुणीच नाकारत नाही.

आता दुसरा मुद्दा, ‘प्रत्येक प्रसंग त्याच्या एकट्याच्या डोक्यातून’. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मजकुरात दिलेलेच प्रसंग याच्या विरुद्ध साक्ष देतात.

सॅलीपासून सुरुवात करू. बर्टनच्या मूळ कवितेत सॅली नाहीच. तिथे ठसठशीत पात्रं तीनच: जॅक, झिरो आणि सांता. चित्रपटातली सॅली, म्हणजे आपल्याला बनवणाऱ्या डॉक्टरच्या कैदेतून पुनःपुन्हा निसटणारी, मनोऱ्यावरून उडी मारून तुकडे झाल्यावर शांतपणे सुई काढून आपला हात आपणच जोडणारी बाई, तिला मन दिलं ते पटकथाकार कॅरोलाइन थॉम्प्सनने. तो वाळक्या फुलाचा प्रसंग आठवा. सॅली जमिनीवरून एक वाळकं फूल उचलते, ते तिच्या हातात इवलंसं नाताळाचं झाड होतं, आणि दुसऱ्याच क्षणी पेट घेतं. एक शब्दही न बोलता पुढचा सगळा अनर्थ तिला आणि आपल्याला कळतो. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला हा सर्वांत धारदार क्षण आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्यांच्या यादीत तो कधीच नसतो याची मला दरवर्षी हळहळ वाटते.

सॅलीला हलवायचीही वेगळी पंचाईत होती. जॅकचं आख्खं डोकं बदलता येत असे. त्याच्यासाठी सुमारे ४०० डोकी घडवलेली होती, प्रत्येकावर तोंडाचा आणि डोळ्यांच्या खोबणीचा वेगळा आकार. सॅलीला लांब लाल केस. डोकं बदललं की केस जागचे हलणार, आणि पडद्यावर ते नुसते थरथरत राहणार. म्हणून तिच्या फक्त चेहऱ्याचा मुखवटा काढून दुसरा बसवायचा, असा मार्ग काढला गेला. ती जॅककडे बघून नजर खाली घेते तेव्हा आपल्याला लाजणं दिसतं. सेटवर ते एकामागून एक बदललेले मुखवटे होते, आणि मधल्या प्रत्येक बदलात केसाची बटही हलू न देणारा एक माणूस.

मग ती टेकडी. जॅक तिच्या टोकावर उभा राहून गातो, मागे भलामोठा पिवळा चंद्र. तो मधेच स्वतःची कवटी काढून हातात धरतो, नाटकातल्या नटासारखी. गाणं संपत येतं तशी टेकडीची गुंडाळी उलगडत जाते आणि तो तिच्यावरून खाली चालत येतो. टेकडीची वळणदार रेघ बर्टनच्या शैलीतली आहे, मान्य. पण कागदावरच्या रेघेला चालता येत नाही. उलगडणारी जमीन आणि तिच्यावरून चालणारी, जिचे पाय बोटाएवढेही जाड नाहीत अशी बाहुली, दोन्ही एकाच वेळी, एका सेकंदाला २४ वेळा थोडी-थोडी हलवायची. बाहुली आपल्या पायावर उभी राहत नाही, तिला प्रत्येक पावलाला सेटच्या तळाशी घट्ट अडकवावं लागतं. इथे तर तळच सरकतोय!

आणखी एक बारकावा. जॅकचा काळा कोट आठवतो ना, पांढऱ्या उभ्या रेघांचा? बर्टनच्या चित्रांत तो नुसता काळा होता. काळोख्या सेटवर जॅक दिसेनासा होऊ लागला, म्हणून त्या पांढऱ्या रेघा आल्या. आज कपांवर, पिशव्यांवर, टीशर्टांवर, जिथे पाहाल तिथे तो पट्टेरी कोट छापलेला दिसतो. तो सेटवरच्या अडचणीतून जन्मला आहे.

झाडांतल्या दारांचा प्रसंगही घ्या. रानात गोलाकार उभी झाडं, प्रत्येक खोडावर एका सणाचं दार. जॅक नाताळाच्या झाडासमोर थबकतो आणि दाराच्या गोल, चकचकीत मुठीत त्याचं आणि मागच्या रानाचं प्रतिबिंब दिसतं. बघताना हे सहज वाटतं. पण चकचकीत गोळ्यात समोरचं सगळंच दिसतं: कॅमेरा, दिवे, अ‍ॅनिमेटर, छताचे वासे. हे सगळं लपवून फक्त रान आणि जॅक दाखवायचा, तोही चौकटी-चौकटीने, म्हणजे एकेका चित्राने, जवळ येणारा. छायाचित्रकार पीट कोझाचिक आणि त्याच्या माणसांनी हे जमवलं. यानंतर जॅक बर्फात आदळतो आणि ‘व्हॉट्स धिस?’ हे गाणं सुरू होतं. काळ्या, राखाडी, नारिंगी जगातून अचानक लाल-हिरव्या दिव्यांत. तिथे जॅकची चाल बदलते, हे पुढच्या वेळी मुद्दाम बघा. आपल्या गावात तो राजासारखा लांब ढांगा टाकतो. इथे तो घसरतो, उड्या मारतो, खिडक्यांतून डोकावतो, लहान मुलासारखा मान वेळावतो. बाहुली तीच. चालवणारा हात विचार करणारा आहे.

आणि त्या गाण्यातला आवाज एल्फमनचा आहे, बोलणारा जॅक ख्रिस सरँडनचा. म्हणजे ‘एकट्याच्या डोक्यातून’ आलेल्या नायकाचा कंठसुद्धा दोघांचा मिळून आहे.

तिसरा मुद्दा, मातीचा. या बाहुल्या मातीच्या नाहीत. आत सांधे असलेला धातूचा सापळा, त्यावर साच्यात ओतून भाजलेला फेसाळ रबर, वर कपडे. जॅकची ती डोकी कडक, ओतीव. माती का नाही, हे मला स्वतः करून बघितल्यावर समजलं. गेल्या गणपतीत उरलेल्या शाडूच्या मातीचा मी आणि माझ्या भाचीने एक उंदीर केला आणि मोबाइलवर त्याला चालवायला बसलो. सेकंदाला १२ चित्रं धरली. दोन संध्याकाळी खपून चार सेकंदांची चाल मिळाली. प्रत्येक चित्रात बोटांचे ठसे बदललेले, त्यामुळे उंदराची कातडी सतत खदखदताना दिसत होती, आणि दिव्याच्या उष्णतेने शेपटीला तडे गेले. ही खदखद काही मातीचित्रांत मुद्दाम ठेवतात आणि तिची वेगळी मजा असते. पण चंद्रासमोर निश्चल उभ्या असलेल्या जॅकला ती चालली नसती.

गंमत म्हणजे माती या चित्रपटात आहे, फक्त भिंतींवर. जॅकच्या गावाच्या, म्हणजे हॅलोविन टाउनच्या, सेटांवर माती आणि प्लॅस्टर थापून त्यावर रेघा कोरल्या होत्या, शाईच्या टाकाने काढलेलं चित्र उभं केल्यासारखं दिसावं म्हणून. कळसूत्री बाहुल्यांशीही कुणी तुलना करतं, त्यांना एवढंच सांगेन की इथे दोरी नाही आणि खेळ चालू असताना कुणाचा हातही नाही. हात येतो तो दोन चित्रांच्या मधल्या वेळेत.

चौथा मुद्दा, ‘संगणकाची करामत’. कॅमेरा ठरल्या मार्गाने, प्रत्येक चौकटीला नेमका तेवढाच सरकवणारी यंत्रं संगणकाच्या हुकमावर चालत, हे खरं. काही भुताटकी परिणाम हाताने रेखाटून मिसळले आहेत, हेही खरं. पण पात्रांचं हलणं संगणकाने केलेलं नाही. हिशोब मांडून बघा: १,०९,४४० चौकटी, सेकंदाला २४, म्हणजे ७६ मिनिटं. १२० हून अधिक माणसं, २२७ बाहुल्या, एकाच वेळी वीसेक ठिकाणी चालू असलेलं चित्रीकरण, आणि हे सगळं मिळून आठवड्याला हाती येत असे साधारण एक मिनिट.

हा दावा मला जास्त लागतो, कारण वर्ष कोणतं होतं ते बघा. त्याच १९९३ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ आला. त्यातले डायनोसॉर आधी अ‍ॅनिमेटर फिल टिपेटच्या देखरेखीखाली बाहुल्यांनीच हलवायचे ठरले होते. संगणकावरच्या चाचण्या बघितल्यावर ते काम संगणकाकडे गेलं. हाताने चौकट-चौकट हलवण्याची कला संपली असं ज्या वर्षी म्हटलं गेलं, त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतल्या या माणसांनी पूर्ण लांबीचा चित्रपट हाताने करून दाखवला. दृश्यपरिणामांच्या ऑस्करसाठी दोघांना एकाच यादीत नामांकन मिळालं. त्या विभागात आख्ख्या अ‍ॅनिमेशनपटाला नामांकन मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. ऑस्कर डायनोसॉरांना गेलं. तीस वर्षांनी सेलिकच्या माणसांच्या कामाला ‘संगणकाची करामत’ म्हणायचं म्हणजे त्यांनी ज्याच्याविरुद्ध टिकून दाखवलं त्यालाच त्यांचं श्रेय द्यायचं.

आपल्याकडचं उदाहरण देतो. ‘राजा हरिश्चंद्र’ करायच्या आधी दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते दिवसामागून दिवस, थोडं-थोडं करून कॅमेऱ्यात पकडलं होतं. पुढे आगकाड्या एकेक चौकटीने हलवून त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. उद्या कुणी हे श्रेय दादासाहेबांना पैसे पुरवणाऱ्याच्या नावावर लिहिलं, तर आपण गप्प बसू का?

राहिला ‘कोरालाइन’. २००९ चा तो चित्रपट लाइका स्टुडिओचा, नील गेमनच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक पुन्हा हेन्री सेलिक. बर्टनचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. बर्टनने स्वतः माइक जॉन्सनबरोबर दिग्दर्शित केलेला बाहुलीचित्रपट हवा असेल तर तो ‘कॉर्प्स ब्राइड’, २००५ चा. तोही चांगला आहे, जरूर बघा.

तिन्ही गटांत मी प्रसंगांची यादी तशीच ठेवून खालचा भाग बदलून पाठवला आहे. वाळक्या फुलाचा प्रसंग यादीत घातला आणि खाली लिहिलं: मूळ कथा आणि पात्रं टिम बर्टन, पटकथा कॅरोलाइन थॉम्प्सन, गाणी आणि संगीत डॅनी एल्फमन, छायाचित्रण पीट कोझाचिक, दिग्दर्शन हेन्री सेलिक. भाचीने त्याखाली विचारलं, उंदराची शेपटी कधी दुरुस्त करायची? या रविवारी बसतो आहोत. यंदा आत तारेचा सापळा घालणार आहोत.