आपलेच विरुद्ध आपलेच

अमेरिकन फुटबॉलमध्ये आपल्याच टीमची आपल्याच टीमशी मॅच असेल तर टाळी नेमकी कधी वाजवायची, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. एकानं चेंडू लांब फेकला, दुसऱ्यानं पळता पळता झेलला, टचडाउन, म्हणजे गुण! उठून ओरडावं, तर ज्याला चकवून तो पळाला तोही आपलाच. म्हणजे आपला बचाव गळका. बरं, बचावातल्या कुणी मधेच झेप घेऊन चेंडू पळवला तर वाहवा म्हणावं, पण मग फेकणाऱ्याचं काय? सप्टेंबरात तोच फेकणार आहे. थोडक्यात, कुणीही काहीही चांगलं केलं की माझी झोप उडते. मी ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टीमचा भक्त आहे. खऱ्या मॅचेस ऑगस्टअखेर सुरू होतात, पण माझा रक्तदाब मार्चपासूनच सरावाला लागतो.

कॉलेजच्या टीमला वसंत ऋतूत नियमानं १५ सराव मिळतात. पहिले दोन नुसत्या हेल्मेटवर, म्हणजे धडकाधडकी नाही. यातले बहुतेक सराव बंद दाराआड होतात. पत्रकारांना थोडा वेळ आत सोडतात, आणि तोही खेळाडू अंग मोकळं करत असतात तेव्हा. ते बाहेर येऊन सांगतात, अमुकतमुक पोरगा 'तब्येतीनं भरलाय'. तेवढ्यावर मी आठवडा काढतो. मधूनच विद्यापीठ चाळीसेक सेकंदांची क्लिप सोडतं. त्यात क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा मुख्य फेकणारा, चेंडू फेकतो. कुणाकडे, ते दाखवत नाहीत; मागे मात्र असा काही ढणढणाट की पोरगा किल्ला सर करून आलाय. मी ती क्लिप थांबवून थांबवून बघतो. कोपर नीट वर येतंय का? मागचा पाय? ऑफिसमध्ये एवढ्या बारकाईनं मी कुठला कागद वाचल्याचं माझ्या मॅनेजरला तरी आठवत नाही.

मग कोचलोकांच्या पत्रकार परिषदा. तिथली भाषा स्थळ सुचवणाऱ्या मावशीलाही जमणार नाही. सगळेच 'मेहनती', सगळेच 'प्रगतीवर'. क्वार्टरबॅक कोण, असं विचारलं की 'स्पर्धा चालू आहे'. कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, कारण ज्याच्याबद्दल बोलाल तो दुसऱ्या दिवशी ट्रान्सफर पोर्टलमध्ये. कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ही यादी २०१८ पासून आहे. खेळाडूनं त्यात नाव टाकलं की बाकीची कॉलेजं गळ टाकायला मोकळी. २०२४ चा आमचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड असाच कॅन्सस स्टेटहून आला, एक सीझन खेळला, राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि गेला. जीव लावायला सवड म्हणून देत नाहीत.

२०२५ च्या त्या वसंतात कुणी म्हणालं असतं, विजेत्या टीमच्या भक्ताला कसली आलीय काळजी? २० जानेवारी २०२५ ला अटलांटात आम्ही नोटर डेमला ३४–२३ नं हरवलं. त्याआधी टेनेसी, ओरेगन, टेक्सस. सगळ्यांना लोळवलं. पण जिंकलं की घर रिकामं होतं. मोठे खेळाडू एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, वाटेला. ऑफेन्स, म्हणजे आक्रमण, चालवणारे चिप केली तिथल्याच लास व्हेगासच्या रेडर्सकडे गेले, डिफेन्स, म्हणजे बचाव, चालवणारे जिम नोल्स पेन स्टेटला. पेन स्टेट म्हणजे आमच्याच कॉन्फरन्समधलं, आमच्याच गटातलं! डिफेन्सला त्यांच्या जागी मॅट पॅट्रिशिया आले. कानामागे पेन्सिल अडकवून मैदानात उभं राहणं ही त्यांची जुनी ओळख.

ही बातमी मी घरात वाचून दाखवली, तीच चूक. म्हणजे चूक वाचण्याची नव्हे, चूक घराची. माझी बायको मिशिगन विद्यापीठाची, म्हणजे आमच्या कट्टर वैऱ्यांकडची. मूळची साताऱ्याची, पण एमएस तिथलं, अ‍ॅन आर्बरचं. आमच्या लग्नाला पत्रिकेवरून कुणी हरकत घेतली नाही, पण माझे इथले मित्र बरेच दिवस खालच्या आवाजात बोलत होते. ओहायो स्टेटमध्ये मिशिगनच्या मॅचच्या आठवड्यात सगळ्या कॅम्पसभर पाट्यांवरच्या इंग्रजी 'एम' अक्षरावर लाल टेपनं फुली मारतात. आमच्या मराठी मंडळाची इंग्रजी आद्याक्षरं दोन एम. तो आठवडा नोव्हेंबरअखेर येतो म्हणून बरं. गणपतीत आला असता तर बॅनरवर काय शिल्लक राहिलं असतं कुणास ठाऊक.

"पॅट्रिशिया?" बायको चहा गाळता गाळता म्हणाली. "आमच्या डेट्रॉइटच्या एनएफएल टीमनं २०२० मध्ये काढून टाकले ते?"

"एनएफएलचा अनुभव आहे त्यांना," मी म्हटलं. "एनएफएलची फायनल, सुपर बोल, जिंकलेत पेट्रियट्सबरोबर."

"तेरा-दहा," ती म्हणाली.

हे तिचं सगळ्यावरचं उत्तर. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशिगननं आमच्या घरच्या मैदानावर आम्हाला १३–१० नं हरवलं. सलग चौथ्या वर्षी. त्यानंतर आम्ही देश जिंकला, पण घरात तेरा-दहाच चालू होतं. वीज बिल कुणी भरायचं? तेरा-दहा. भांडी कुणी लावायची? तेरा-दहा.

तर अशा वातावरणात २०२५ च्या मार्चमध्ये आण्णा आले. माझे वडील. कोल्हापूर, शिवाजी पेठ, टुरिस्ट व्हिसा, सहा महिने. वसंत सरावाच्या शेवटी एप्रिलमध्ये स्टेडियमवर सगळ्यांना बघता येईल अशी मॅच असते, तिला मी त्यांना घेऊन गेलो. याला फुटबॉल का म्हणतात, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. खरं तर हक्क त्यांचाच होता. कोल्हापुरात तालमींच्या टीम पायानं फुटबॉल खेळतात आणि शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील तालीम असली की निम्मं गाव दुकानं अर्धी ओढून घेतं. त्या माणसाला फक्त एकच शंका आली.

"समोरची टीम कुठली?"

"हीच, आण्णा. दोन्ही आपलेच."

"दोन्ही?" त्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "मग शिव्या कुणाला द्यायच्या?"

याचं उत्तर अख्ख्या ओहायोत कुणाकडे नाही. आणि तरी लोक येतात! १९२२ साली उघडलेलं हे घोड्याच्या नालाच्या आकाराचं स्टेडियम. एक लाखावर माणसं बसतात. २०१६ च्या वसंतातल्या अशाच एका लुटुपुटीच्या मॅचला १,००,१८९ माणसं आली होती. लाखाचं मी समजू शकतो. वरच्या १८९ जणांना घरी काहीच काम नव्हतं? (त्यात मी होतो का, हे बायकोसमोर विचारू नये.)

त्या वर्षी नेब्रास्का आणि टेक्सस या दोघांनी ही मॅच बंदच केली. नेब्रास्काचं म्हणणं, टीव्हीवर आपली चांगली पोरं दिसली की इतरांचा डोळा जातो. मला हे पटतही नाही आणि खोडताही येत नाही. आमचे कोचही दाखवत काहीच नाहीत. बावळट, सरळसोट चाली. ज्याला बघायला आलो तो चेंडू झेलणारा आमचा हिरो जेरेमाया स्मिथ जेवढा वेळ खेळतो तेवढ्यात माझा बर्गरही संपत नाही, कारण त्याचा घोटा मुरगळला तर निम्मं राज्य सुतकात जाईल. क्वार्टरबॅकला तर हातच लावायचा नाही. आडदांड पोरगं अंगावर धावत येतं आणि शेवटच्या क्षणी ब्रेक मारून बाजूला होतं, शिट्टी वाजते, तो पाडला गेला असता की निसटला असता यावर आमच्या रांगेत अर्धा तास वाद. मी दोन्ही बाजूंनी बोललो. सवयच आहे.

त्या वर्षी मुख्य प्रश्न क्वार्टरबॅकचा. ज्युलियन सेयिन, अलाबामाहून आलेला. तिथले कोच निक सेबन निवृत्त झाले आणि हा इकडे वळला. लिंकन कीनहोल्झ, साउथ डकोटाचा. आणि बेलफाँटेनचा, म्हणजे इथल्याच मातीतला, नवा भरती झालेला टेव्हियन सेंट क्लेअर. मी वही नेली होती. प्रत्येक थ्रोपुढे शेरा. 'सेयिन: चेंडू लवकर सुटतो. छान.' त्याखाली लगेच, 'पण डिफेन्सचं काय?' 'कीनहोल्झ: पळतो बरा.' त्याखाली, 'मग याला कुणी अडवत का नाही?' पान भरलं तेव्हा त्यात दोन टीमची उलटतपासणी होती आणि निकाल राखून ठेवला होता.

आण्णांनी मात्र चेंडूकडे बघणंच सोडून दिलं. "ते तू बघ," म्हणाले, आणि मैदानात मधोमध रांगेत, म्हणजे लाइनमध्ये, समोरासमोर भिडणाऱ्या धिप्पाड पोरांवर नजर लावून बसले. तीनशे पौंडांची पोरं, म्हणजे १३६ किलोंच्या वरची. लहानपणी तालमीत घातलेला माणूस. इतका वेळ थंडीनं कुडकुडत होता, एकदम ताठ झाला.

"त्या डावीकडच्याचा पवित्रा उंच हाय. समोरचा खाली घुसतोय बघ. हां... गेला! सांगितलं न्हवतं?"

मी वहीतून मान वर काढेपर्यंत डावीकडचा खरोखरच पाठीवर पडलेला. जो खाली राहील तो जिंकेल, हेच इथले लाइनचे कोच घसा फोडून सांगत असतात. मी इतकी वर्षं कोपरं मोजत बसलो आणि आण्णांनी पहिल्याच मॅचला मर्मावर बोट ठेवलं. शेजारचे पेन्शनर आजोबा, गळ्यात बकआय या ओहायोच्या झाडाच्या बियांची माळ, त्यांना ते हातवारे करून समजावायला लागले. भाषा कुणाचीच कुणाला कळत नव्हती. दोघं मिळून त्या डावीकडच्या पोराच्या गुडघ्यांवर नाराज होते, एवढं स्पष्ट होतं.

"आण्णा, पण त्याला पाडणारासुद्धा आपलाच ना," मी म्हटलं.

"मग त्याला खेळवा! ह्याला बसवा!"

"दोघं वेगळ्या जागी खेळतात."

"ते तुमचं तुम्ही बघा."

हेल्मेटवरच्या काळ्या पट्टीचं त्यांना फार आवडलं. नवा खेळाडू आला की त्याच्या हेल्मेटवर मधोमध काळी पट्टी लावतात. सरावात घाम गाळून त्यानं टीमला पटवलं की सगळ्यांदेखत ती काढायची. अर्बन मायर कोच होते तेव्हापासूनची रीत. "बरोबर हाय. आल्या आल्या कुणी वस्ताद होत न्हाई," आण्णा म्हणाले. मग टीमचा खर्च विचारला. २०२४ मध्ये खेळाडूंवर मिळून सुमारे २ कोटी डॉलर गेले असं विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितलं होतं. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायला मुभा आहे. आण्णांनी पंच्याऐंशीनं गुणून पाहिलं आणि थोडा वेळ गप्प बसले.

"आन् तुला शिकायला आपण कर्ज काढलं," ते शेवटी म्हणाले. "तुला लहानपणी जरा जास्त दूध पाजायला पायजे होतं."

तिसऱ्या फळीतल्या एका काटकुळ्या पोरानं त्या दिवशी कहर केला. असा एक दर वसंतात निघतो. काहीही फेका, झेलतो. लोक त्याचं नाव शोधायला कार्यक्रमपत्रिका उलटतात, संध्याकाळपर्यंत तो भावी सम्राट असतो, आणि सप्टेंबरात भलत्याच गावच्या जर्सीत दिसतो. मी त्याच्यापुढे वहीत काही लिहिलं नाही. अशी नावं लिहून ठेवली की नंतर फार त्रास होतो.

जिंकलं कोण, ते विचारू नका. अशा मॅचेसमध्ये कधीकधी बचावालाही गुण देतात, आणि ते गणित फलकावर बसलेल्या माणसालाही कळत असेल अशी मला खात्री नाही. लोक मात्र शेवटपर्यंत बसले होते. एका बाजूनं 'ओ-एच' अशी आरोळी आली की दुसरीकडून 'आय-ओ' म्हणायचं, हे आण्णा शिकले, आणि मग थांबेनात. पार्किंगमध्ये अनोळखी माणसांना 'ओ-एच' करत सुटले. एकानंही उत्तर चुकवलं नाही. पोलिसानंसुद्धा दिलं.

घरी आल्यावर आण्णांनी सुनेला सविस्तर अहवाल दिला. डावीकडचा कच्चा. मधला बरा. पेन्सिलवाला हिशोबाला बसतो का? मिशिगन म्हणजे आपली पाटाकडील, हेही त्यांनी समजावून सांगितलं.

"म्हणजे मी पाटाकडीलची?" बायको म्हणाली.

"तू सून हायस. तुझं येगळं."

ती हसली आणि मग तिनं पत्ता टाकला. "आण्णा, यंदा ती मॅच अ‍ॅन आर्बरला आहे, नोव्हेंबरच्या शेवटी. ओहायोवाले डोळ्यांसमोर असतील. शिव्या कुणाला द्यायच्या हा प्रश्नच नाही. चला माझ्याबरोबर."

आण्णांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो नातवाच्या बारशालाही पडला नव्हता. मी आठवण करून दिली की सहा महिने सप्टेंबरच्या सुरुवातीला संपतात. ३० ऑगस्टला टेक्ससशी मॅच आहे, ती बघा आणि सुखानं विमानात बसा. नोव्हेंबरपर्यंत राहायचं तर मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो, आय-५३९. फी आहे. वर, का राहायचंय ते लेखी द्यावं लागतं.

"दे की मग," आण्णा म्हणाले. "लिही. त्यात काय?"

"काय लिहू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि माझीच वही माझ्या पुढ्यात सरकवली.

"लिही, क्वार्टरबॅक अजून ठरायचाय."