माशांच्या आधी कोण आलं?

जीव पाण्यातून जमिनीवर कसे आले, यावरचा तुमचा लेख आवडला, पण सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या कॅम्ब्रियन काळातल्या समुद्रातून थेट टिक्टालिकवर, म्हणजे पायांसारखे पर असलेल्या माशावर, आल्यामुळे मधला फार मोठा काळ राहून गेला. कॅनडाच्या एल्समीर बेटावर २००४ मध्ये सापडलेला हा मासा सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीवरच्या वनस्पतींचे सर्वांत जुने बीजाणू मात्र सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे माशांना पाय फुटायच्या कितीतरी आधी किनाऱ्यावर हिरवळ होती, आणि तिच्यात कोळ्यांचे, गोमींचे पूर्वज फिरत होते. खरे पहिले रहिवासी तेच!

स्कॉटलंडमधल्या राइनी गावाजवळ गरम झऱ्यांच्या सिलिकात ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची अख्खी पाणथळ जागा जशीच्या तशी टिकली आहे. तिथल्या झाडांना खरी मुळं नव्हती, पण त्यांच्या पेशींमध्ये बुरशीचे धागे दिसतात. ओसाड खडकातून फॉस्फरस मिळवायला बुरशीची मदत झाली असणार. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

दुसरं म्हणजे आपल्याकडचा उल्लेख हवा होता. आम्ही ग्वाल्हेरचे, शहराच्या लष्कर भागात राहतो. किल्ल्याची टेकडी विंध्य वालुकाश्माची. त्याच विंध्य खडकांच्या पट्ट्यात, चित्रकूटला, सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीचे तांबड्या शैवालांसारखे जीवाश्म मिळाले. ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. इथल्या मराठी मुलांना हे शाळेत कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

पुढच्या भागात राइनी आणि चित्रकूट दोन्हींवर सविस्तर लिहा, ही विनंती.