डाळिंबाचा भगवा वाण काय आभाळातून पडला?

गेला आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवर दाजींनी टाकला, मग शाळेच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या. थोडक्यात मजकूर असा की विद्यापीठातले लोक प्रमोशनसाठी पेपर छापतात, संशोधन कपाटात पडून राहतं, शेतकऱ्याला आणि सामान्य माणसाला त्याचा दमडीचा उपयोग नाही, तिकडं स्टॅनफर्ड बघा, गूगल काढलं आणि आपला खर्च आपण भागवतात, तेव्हा आपल्याकडं पण पाच वर्षांत रिझल्ट नसेल तर ग्रँट बंद करा. खाली नेहमीसारखं "सहमत असाल तर पुढे पाठवा". मी सहमत नाही.

प्रमोशनसाठी रद्दी पेपर छापले जातात हे खरंय, त्यावर भांडायचंच नाही. पण "शेतकऱ्याला दमडीचा उपयोग नाही" हे दाजी लिहितात, ज्यांची स्वतःची सांगोल्यात डाळिंबाची बाग आहे, म्हणजे कमालच झाली. बागेत वाण कुठला? भगवा. तो आणला कुणी? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं, २००३ च्या आसपास प्रसारित केला. त्याच्या आधी सगळीकडं गणेश होता, तो पण पुण्यात गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रातच १९३६ साली डॉ. चीमांनी निवडलेला. गणेशचा दाणा फिकट, भगव्याचा लालभडक आणि साल जाड, त्यामुळं लांबच्या मार्केटला माल टिकतो, एक्सपोर्टला चालतो. तेल्या आणि मर रोगानं पुढं बागांचं वाटोळं केलं हे पण खरं, त्याच्यावर पक्का इलाज अजून नाही, तिथं शिव्या घाला, मी पण घालतो. पण वीस वर्षं ज्या फळावर सांगोला, पंढरपूर, सटाणा, मालेगावात बंगले उभे राहिले ते फळ कपाटातून नाही आलं.

गंमत अशी की रोपं आली नर्सरीतून नाहीतर शेजारच्याच्या बागेतल्या गुटीवरून, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेल्या रोपावरून. लोक त्याला शेंदरी म्हणाले, अष्टगंधा म्हणाले, राहुरीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही आणि विद्यापीठाच्या खात्यात प्रत्येक रोपामागं पैसे पण आले नाहीत. फायदा गावात राहिला म्हणून तो हिशेबात दिसत नाही, एवढंच.

उसाचं तेच. ८६०३२ हा उसाचा वाण मूळ कोइमतूरच्या ऊस संशोधन संस्थेचा, पण महाराष्ट्रात त्याच्या चाचण्या घेऊन शिफारस केली ती पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं, जे राहुरी विद्यापीठाकडंच आहे. नंतरचा फुले २६५ पण पाडेगावचाच, चोपण म्हणजे खारवट, घट्ट जमिनीत टिकणारा, सुरवातीला कारखाने त्याची नोंद घ्यायला कुरकुर करायचे ते वेगळं. आणि कोकणात, गोव्यात जाऊन काजूवाल्याला विचारा, वेंगुर्ला ४ आणि ७ ची कलमं दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातून आली हे तो सांगेल.

"हे सगळं शेतीचं झालं, हायटेक काय?" असं दाजींनी लगेच विचारलं. रक्ताच्या काही कॅन्सरवरची कार-टी थेरपी. पेशंटच्याच टी पेशी बाहेर काढायच्या, त्यात जीन घालून कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायच्या. पवईच्या आयआयटीतल्या लॅबमध्ये डेव्हलप झाली, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ट्रायल घेतल्या, लॅबमधूनच कंपनी निघाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. अजूनही कित्येक लाखांत जाते, स्वस्त म्हणवत नाही, पण परदेशातल्या किमतीच्या साधारण दहावा हिस्सा.

आता स्टॅनफर्ड. हा मुद्दा तर उलटा त्यांच्याच अंगावर येतो. गूगल काढणारे पेज आणि ब्रिन ज्या डिजिटल लायब्ररी प्रोजेक्टमध्ये काम करत होते त्याला पैसा अमेरिकन सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा होता, म्हणजे टॅक्सचाच. पेजरँकचं, म्हणजे गूगलच्या सर्चमागच्या पद्धतीचं, पेटंट स्टॅनफर्डचं, बदल्यात त्यांनी गूगलचे शेअर घेतले आणि २००५ मध्ये विकून ३३ कोटी ६० लाख डॉलर कमावले. अशी लॉटरी किती विद्यापीठांना लागते? अमेरिकेत पण बहुतेक ठिकाणी लायसन्सची कमाई संशोधनाच्या खर्चापुढं चिल्लर असते, विद्यापीठं त्यावर चालत नाहीत. तिथं १९८० च्या बाय-डोल कायद्यानं सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता येते, आपल्याकडं तसं विधेयक २००८ मध्ये आलं आणि नंतर मागं घेतलं गेलं. तक्रार करायची तर याची करा ना, किंवा कृषी विद्यापीठांतल्या वर्षानुवर्षं रिकाम्या जागांची करा.

राहिला पाच वर्षांचा नियम. दापोलीवाल्यांनी नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना आंबा काढला, १९८१ मध्ये तो प्रसारित झाला. कोयीपासून वाढवलेल्या आंब्याच्या झाडाला पहिलं फळ धरायलाच पाच-सात वर्षं जातात, मग चव बघायची, साका होतो का, म्हणजे आतला गर खराब होतो का बघायचं, दरवर्षी धरतो का बघायचं, मग कलमं. दाजींच्या नियमानं तो प्रोजेक्ट पहिला मोहोर यायच्या आधीच बंद पडला असता.